जिओथर्मल ओआरसी प्लांटसाठी मिश्र फ्लुइड कसं निवडायचं: ग्लाइड, पिंच आणि एरियाचा हिशोब

जमिनीखालून १०० ते १५० अंशाचं पाणी मिळत असेल तर त्याच्यावर थेट वाफेचं टर्बाइन चालवणं परवडत नाही, म्हणून तिथे बायनरी प्लांट लावतात. म्हणजे विहिरीतून आलेल्या गरम पाण्याची, ज्याला या लाइनमध्ये ब्राइन म्हणतात, उष्णता हीट एक्स्चेंजरमधून आयसोब्युटेन किंवा पेंटेनसारख्या लवकर उकळणाऱ्या फ्लुइडला द्यायची, त्याची वाफ टर्बाइनमधून काढायची, कंडेन्सरमध्ये तिचा परत द्रव करायचा, पंपाने प्रेशर वाढवून परत एक्स्चेंजरमध्ये पाठवायचा आणि थंड झालेलं ब्राइन जमिनीत सोडायचं. हीच ऑर्गॅनिक रँकिन सायकल, ओआरसी. यात एका शुद्ध फ्लुइडच्या जागी दोन फ्लुइडचं मिश्रण भरलं तर त्याच विहिरीतून जास्त वीज काढता येते हे १९८० च्या दशकापासून माहीत आहे, तरी आजही बहुतेक प्लांट शुद्ध फ्लुइडवरच चालतात. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या का आहेत हे समजलं की मिश्रण निवडायची पद्धत आपोआप समजते, म्हणून सगळं हिशोबातूनच सांगतो. मेकॅनिकलचं थर्मो थोडंफार आठवत असेल तर पुरेसं आहे. तापमानं सगळी सेल्सिअसमध्ये आहेत.

आधी एक सांगतो, थर्मल एफिशियन्सी बघून फ्लुइड निवडू नका. घेतलेल्या उष्णतेच्या किती टक्के वीज झाली एवढंच ती सांगते, पण ब्राइनमधली उष्णता किती घेतली हे सांगत नाही, त्यामुळे ब्राइन १२० वरून जेमतेम १०० पर्यंत थंड करून परत सोडणारी सायकल एफिशियन्सीत भारी दिसते आणि वीज मात्र कमी देते. विहीर खोदायलाच सगळा पैसा जातो, तेव्हा बघायचा आकडा एकच, ब्राइनच्या दर किलोमागे पंप आणि पंखे वजा जाऊन नेट काम किती. उदाहरण म्हणून १२० अंशाचं ब्राइन, सेकंदाला ५० किलो, आणि बाहेर २५ अंश असं धरा. कार्नो म्हणतो २४ टक्के, पण कार्नो हे धरून चालतो की ब्राइन शेवटपर्यंत १२० लाच राहणार, आणि ब्राइन तर उष्णता देता देता थंड होत जातं. ते धरून एक्सर्जी, म्हणजे त्या उष्णतेतून जास्तीत जास्त किती काम निघू शकतं ते, काढली तर दर किलो ब्राइनला ५२-५३ किलोज्यूल येतात, म्हणजे घेता येण्यासारख्या उष्णतेच्या फक्त १३ टक्क्यांच्या आसपास, आणि ५० किलोला २.६ मेगावॅट. ही झाली निसर्गाची मर्यादा, प्रत्यक्षात याच्या तिसऱ्या हिश्श्यापासून चाळीस टक्क्यांपर्यंत मिळाले तरी प्लांट चांगला म्हणायचा. मिश्रणाने जे काही वाढणार ते या उरलेल्या साठ-सत्तर टक्क्यांच्या नुकसानातून परत मिळवायचंय.

हे नुकसान नेमकं होतं कुठे ते बघू. शुद्ध आयसोब्युटेन घ्या आणि ८० अंशाला उकळवा, तिथे त्याचं प्रेशर साधारण १३.४ बार असतं. उकळायला सुरुवात झाली की सगळ्याची वाफ होईपर्यंत तापमान ८० लाच थांबतं. दुसऱ्या बाजूने ब्राइन १२० वरून उतरत येतंय. ज्या ठिकाणी आयसोब्युटेन उकळायला लागतं तिथे दोघांतलं अंतर सगळ्यात कमी, तोच पिंच. पिंच ५ अंश ठेवला तर तिथे ब्राइन ८५ ला असतं, आणि पलीकडच्या टोकाला ब्राइन १२० आणि वाफ ८० म्हणजे तब्बल ४० अंशांचा फरक. एवढ्या मोठ्या उतारावरून उष्णता नुसती ढकलून दिली की काम करायची तिची ताकद तिथेच वाया जाते. पुढे प्रीहीटरमध्ये ब्राइन ८५ वरून ६९-७० पर्यंत उतरतं, आणि सिलिकाचा थर बसायच्या भीतीने रिइंजेक्शनचं तापमान ७० च्या खाली न्यायचं नसेल तर हे बरोबर जुळतं. या हिशोबात आयसोब्युटेन सेकंदाला २९ किलोच्या आसपास लागतं, कंडेन्सर ४० अंशाला धरला तर पंप वजा जाऊन ८०० किलोवॅटच्या आगेमागे वीज मिळते, आणि कूलिंगचा खर्च त्यातून अजून जायचाय. हा झाला आपला बेस केस. मिश्रण घेण्याआधी शुद्ध फ्लुइडचा बेस केस नीट ऑप्टिमाइझ करून ठेवा, उकळायचं तापमान पाच-पाच अंशांनी बदलून नेट पॉवर कुठे सगळ्यात जास्त येते ते बघा, नाहीतर वाईट शुद्ध केसशी चांगल्या मिश्रणाची तुलना होते आणि फायदा फुगून दिसतो. असे निकाल रिपोर्टांमध्ये भरपूर बघायला मिळतात.

आता मिश्रण. घरातला एलपीजी सिलिंडर हेच एक मिश्रण आहे, प्रोपेन आणि ब्युटेनचं, आणि त्यातून वरची वाफ आपण ओढत राहिलो की हलकं प्रोपेन जास्त जातं आणि खाली ब्युटेन उरत जातं. ओआरसीतही तेच होतं. आयसोब्युटेन आणि आयसोपेंटेन मिसळून उकळवलं की आधी आयसोब्युटेन जास्त प्रमाणात वाफ होतं, उरलेला द्रव जड होत जातो, आणि जड झाला म्हणून त्याच प्रेशरला उकळायचं तापमान वर सरकत जातं. उकळायला सुरुवात होते तो बबल पॉइंट, शेवटचा थेंब संपतो तो ड्यू पॉइंट, आणि दोघांतला फरक म्हणजे ग्लाइड. ब्राइन उतरतंय आणि फ्लुइड चढतंय, दोघांच्या रेषा जवळजवळ समांतर झाल्या की मधलं वाया जाणारं अंतर कमी होतं. कंडेन्सरमध्ये याच्या उलट, कूलिंगचं पाणी चढतंय आणि वाफ उतरतेय. ज्या मिश्रणांना असा ग्लाइड असतो ती झिओट्रोपिक. एसीवाल्यांना हे रोजचं आहे, आर-४०७सी ला ग्लाइड असतो म्हणून ते द्रव अवस्थेतच भरतात, आणि आर-४१०ए ला जवळजवळ नसतो. आपल्याला आर-४०७सी सारखं वागणारं मिश्रण पाहिजे.

ग्लाइड हाताने काढून बघा, सॉफ्टवेअर नंतर. राउल्टचा नियम, म्हणजे प्रत्येक घटकाचं शुद्ध प्रेशर गुणिले द्रवातला त्याचा मोलचा हिस्सा आणि सगळ्यांची बेरीज, या जोडीला बऱ्यापैकी लागू पडतो कारण दोन्ही हायड्रोकार्बन एकमेकांसारखीच आहेत. मोलने निम्मं-निम्मं घ्या. ३८ अंशाला शुद्ध आयसोब्युटेनचं प्रेशर ५.०३ बार, आयसोपेंटेनचं १.४२ बार, दोघांची सरासरी ३.२ बार, म्हणजे ३.२ बारला बबल पॉइंट ३८. ड्यू पॉइंटसाठी उलट सरासरी घ्यायची, म्हणजे निम्मा भाग एकाच्या प्रेशरने भागून आणि निम्मा दुसऱ्याच्या प्रेशरने भागून बेरीज करायची आणि तिचा व्यस्त घ्यायचा. ५० अंशाला प्रेशर ६.८५ आणि २.०५, त्यातून ३.१५ बार येतात, म्हणजे ३.२ बारला ड्यू पॉइंट ५० च्या किंचित वर. ग्लाइड साधारण १२ अंश. हेच ९० टक्के आयसोब्युटेन आणि १० टक्के आयसोपेंटेनसाठी केलं की ग्लाइड ५ अंशांवर येतो. पाच मिनिटांचं काम आहे पण याने आकड्यांचा अंदाज बसतो, आणि उद्या सॉफ्टवेअरने २५ अंशांचा ग्लाइड दाखवला तर कुठेतरी गडबड आहे हे लगेच कळतं.

मग कूलप्रॉप उघडा, फ्लुइडचे गुणधर्म काढायचं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे आणि पायथनमधून चालतं. कॉलेजात किंवा ऑफिसात रेफप्रॉप या तसल्याच सॉफ्टवेअरचं लायसन्स असेल तर उत्तमच, मिश्रणांच्या बाबतीत ते जास्त भरवशाचं आहे. कूलप्रॉपमध्ये मिश्रणाचं प्रमाण मोलमध्ये द्यायचं असतं, वजनात नाही, आणि निम्मं-निम्मं मोलचं मिश्रण वजनाने ४४.६ टक्के आयसोब्युटेन आणि ५५.४ टक्के आयसोपेंटेन होतं, तेव्हा फ्लुइड भरताना वजनकाट्यावर हे रूपांतर लक्षात ठेवा. दुसरं म्हणजे शुद्ध फ्लुइडला प्रेशर आणि एन्ट्रॉपी दिली की ते लगेच तापमान देतं, मिश्रणाला ही जोडी चालत नाही, तिथे प्रेशर-तापमान किंवा प्रेशर-क्वालिटी (वाफेचा हिस्सा) द्यावी लागते. म्हणून टर्बाइनच्या बाहेरची स्थिती काढायला तापमान हलवत हलवत एन्ट्रॉपी जुळवायचा छोटा लूप स्वतः लिहावा लागतो. आणि एक्स्चेंजर एक तुकडा म्हणून सोडवू नका, वीस-तीस तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्यात फरक तपासा, कारण मिश्रणाची तापमान-एन्थाल्पी रेषा सरळ नसते, ती पोटात वाकते आणि पिंच टोकाला न येता मध्येच कुठेतरी लपून बसतो. दोन्ही टोकांना ५ अंश दिसतायत आणि मध्ये १ अंश उरलाय असं सहज होतं.

जोडी निवडताना दोघांच्या उकळबिंदूंतलं अंतर बघा. आयसोब्युटेन उणे ११.७ ला उकळतं, आयसोपेंटेन २७.८ ला, अंतर ४० अंशांच्या आसपास, त्यातून १२ चा ग्लाइड. प्रोपेन उणे ४२ ला, म्हणजे आयसोब्युटेनपासून ३० अंश लांब, या जोडीचा ग्लाइड सातआठ अंश. प्रोपेन आणि पेंटेन एकत्र केलं तर ग्लाइड खूपच मोठा होतो आणि कंडेन्सर सांभाळता येत नाही. ढोबळ नियम असा की कंडेन्सरमधला ग्लाइड कूलिंगच्या पाण्याच्या किंवा हवेच्या तापमानवाढीएवढा असावा, त्यापेक्षा मोठा नको, कारण मोठा झाला की पिंच दुसऱ्या टोकाला जातो आणि कंडेन्सिंग प्रेशर उलट वर चढतं. म्हणूनच प्रमाण ० ते १०० दहा-दहा टक्क्यांनी बदलून नेट पॉवरचा ग्राफ काढला की बरेचदा दोन टेकड्या दिसतात, मध्ये खड्डा असतो जिथे ग्लाइड गरजेपेक्षा मोठा झालेला असतो. दोन्हींची उंची सारखी असेल तर मी हलक्या फ्लुइडकडची टेकडी घेईन, कारण तिकडे प्रेशर जास्त, वाफेचं आकारमान कमी आणि टर्बाइन लहान, शिवाय कंडेन्सर वातावरणाच्या प्रेशरखाली जात नाही म्हणून हवा आत शिरायची कटकट नाही.

आग नको म्हणून आर-२४५एफए, आर-२२७ईए असली रेफ्रिजरंट्सही वापरतात, बायरॉइट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली आयसोब्युटेन-आयसोपेंटेन आणि आर-२२७ईए-आर-२४५एफए या दोन जोड्या तपासल्या होत्या आणि १२० अंशांखालच्या स्रोतांसाठी सेकंड लॉ एफिशियन्सी, म्हणजे एक्सर्जीतला किती भाग वीज झाला ते, शुद्ध फ्लुइडपेक्षा ४ ते १५ टक्क्यांनी वाढते असं दाखवलं होतं. पण आर-२४५एफए चा जीडब्ल्यूपी (कार्बन डायऑक्साइडच्या किती पट तापमानवाढ करतो तो आकडा) हजाराच्या आसपास आणि आर-२२७ईए चा तीन हजारांच्या वर, आणि किगाली करारानुसार भारतात एचएफसीचा, म्हणजे असल्याच रेफ्रिजरंट्सचा, वापर २०२८ ला गोठणार आणि २०३२ पासून उतरणार, तेव्हा वीस-पंचवीस वर्षं चालवायच्या नवीन प्लांटला ती घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. आर-१२३३झेडडी किंवा आर-१२३४झेडई बघा, महाग पडतात, नाहीतर सरळ हायड्रोकार्बन घ्या आणि आगीची तयारी पूर्ण करा. गॅस डिटेक्टर, स्फोटरोधक मोटारी आणि पॅनल, उघड्यावरची मांडणी, आणि कंट्रोल रूम वाऱ्याच्या दिशेचा विचार करून लांब. आयसोब्युटेन हवेत १.८ टक्के आणि आयसोपेंटेन १.४ टक्के झालं की पेट घेऊ शकतं, आणि दोन्ही हवेपेक्षा जड असल्यामुळे पाइपांच्या खंदकात आणि खड्ड्यात साचतात, तेव्हा डिटेक्टर वर छताला न लावता खाली जमिनीजवळ लावायचे.

आता खरा हिशोब, एरियाचा. गरम बाजू आधी. आपल्या उदाहरणात शुद्ध आयसोब्युटेनला इव्हॅपोरेटरमध्ये एका टोकाला ५ आणि दुसऱ्या टोकाला ४० अंशांचा फरक होता, एलएमटीडी, म्हणजे दोन्ही टोकांच्या फरकांची लॉग सरासरी, १६.८, आणि ती जितकी कमी तितका एरिया जास्त लागतो. मिश्रणाचा बबल पॉइंट ८० लाच ठेवला आणि ग्लाइड १० धरला तर वाफ ९० ला बाहेर पडते, टोकांचे फरक ५ आणि ३०, एलएमटीडी १४. म्हणजे उकळायचं सरासरी तापमान ५ अंशांनी वाढलं आणि त्यासाठी एरिया २० टक्के जास्त लागला. उष्णतेचा साधारण दोन तृतीयांश भाग उकळण्यात जातो, आणि वर-खालच्या तापमानांत एकूण अंतरच ४० अंशांचं आहे, त्यामुळे पॉवर सातआठ टक्क्यांनी वाढायला हरकत नाही. हा सौदा चांगला आहे.

थंड बाजूला मात्र डोळे उघडे ठेवा. कूलिंगचं पाणी २५ ला आत आणि ३५ ला बाहेर. शुद्ध फ्लुइड ४० ला कंडेन्स होतंय, फरक १५ आणि ५, एलएमटीडी ९.१. आता १० अंश ग्लाइडचं मिश्रण घेतलं आणि पिंच तोच ५ ठेवला तर ते ४० वरून ३० ला उतरतं, सगळीकडे फरक ५, सरासरी कंडेन्सिंग तापमान ३५, म्हणजे चक्क ५ अंशांचा फायदा. पेपरमध्ये जो फायदा दाखवतात तो असा. पण एलएमटीडी ९.१ वरून ५ वर आला म्हणजे एरिया १.८ पट लागणार, हे त्याच वाक्यात सांगायला पाहिजे. एरिया तेवढाच ठेवला तर मिश्रणालाही ९.१ चा फरक लागतो, म्हणजे ते ४४.१ वरून ३४.१ ला उतरतं, सरासरी ३९.१, फायदा एका अंशापेक्षा कमी. आणि अजून एक गोष्ट राहिलीच, मिश्रणाचं हीट ट्रान्सफर शुद्ध फ्लुइडपेक्षा खराब असतं, कारण जड घटक आधी द्रव होतो आणि भिंतीजवळ हलक्या वाफेचा थर साचतो, त्यातून वाट काढत जड वाफेला भिंतीपर्यंत पोचावं लागतं. यामुळे २० टक्के घट धरली तर त्याच एरियाला सरासरी तापमान ४१.४ होतं, म्हणजे शुद्ध फ्लुइडपेक्षाही वाईट. फायदा कागदावर ५ अंश आणि प्रत्यक्षात उणे दीड अंश.

मग मिश्रण सोडून द्यायचं का? नाही, एरिया वाढवून बघा. दुप्पट एरियाला शुद्ध फ्लुइड ३६.२ वर येतं आणि मिश्रण, २० टक्के घट धरूनही, ३५.७ वर. तिप्पट एरियाला शुद्ध ३५.४ आणि मिश्रण ३३.८. शुद्ध फ्लुइडला ३५ च्या खाली जाताच येत नाही कारण पाणीच ३५ ला बाहेर पडतंय, कितीही पैसे ओता. मिश्रणाची सरासरी ३० पर्यंत जाऊ शकते. म्हणजे छोट्या, स्वस्त कंडेन्सरच्या प्लांटला मिश्रणाचा उपयोग नाही, मोठ्या एरियाचा खर्च जिथे विहिरीच्या खर्चापुढे किरकोळ वाटतो तिथे मिश्रण जिंकतं. तुमच्या प्रोजेक्टचा निकाल या एका तुलनेवर लागतो, तेव्हा सारख्या पिंचवर काढलेला फायदा आणि सारख्या एरियावर काढलेला फायदा, दोन्ही आकडे रिपोर्टमध्ये शेजारी शेजारी द्या. गाइड काहीही म्हणोत, दुसरा आकडा द्याच.

हा ग्लाइड हातात यायचा तर एक्स्चेंजरची बनावटही तशीच लागते. काउंटरफ्लो पाहिजे, म्हणजे दोन्ही प्रवाह समोरासमोरून. नेहमीचा शेल अँड ट्यूब कंडेन्सर, ज्यात वाफ शेलमध्ये आणि पाणी ट्यूबमधून चार फेऱ्या मारतं, त्यात ग्लाइडचा सगळा खेळ विस्कटतो, शिवाय झालेला द्रव खाली पडून वाफेपासून वेगळा होतो आणि उरलेली वाफ हलकी हलकी होत कंडेन्स व्हायला नकार देते. द्रव आणि वाफ शेवटपर्यंत एकमेकांच्या सोबत राहिली पाहिजेत, म्हणून फ्लुइड ट्यूबच्या आत कंडेन्स करायचं. केटल टाइप बॉयलरही नको, त्यात खाली जड द्रव साचून राहतो आणि वर हलकी वाफ जाते, म्हणजे भरलेलं प्रमाण एक आणि फिरणारं प्रमाण दुसरंच. प्लेट एक्स्चेंजर किंवा एका दमात द्रवाची वाफ करणारा वन्स-थ्रू प्रकार घ्या. मोठ्या ग्लाइडच्या मिश्रणाला रिक्युपरेटर, म्हणजे टर्बाइनबाहेरच्या वाफेच्या उष्णतेने पंपानंतरचा द्रव तापवणारा एक्स्चेंजर, लावलात तर जास्त उपयोग होतो, कारण टर्बाइनमधून निघालेली गरम वाफ तिथे थंड होत होत थोडी कंडेन्सही व्हायला लागते, आणि रिइंजेक्शनचं तापमान वर ठेवायचं बंधन असेल तर ती उष्णता कामी येते.

हे सगळं मोठ्या प्रमाणावर करून बघितलेलं आहे. कॅलिफोर्नियातल्या इम्पीरियल व्हॅलीत हेबरला ४५ मेगावॅटचा बायनरी डेमॉन्स्ट्रेशन प्लांट १९८५ ला सुरू झाला होता, ब्राइन १८० अंशांच्या आसपासचं, आणि आत ९० टक्के आयसोब्युटेन आणि १० टक्के आयसोपेंटेन. तिथे फ्लुइड सुपरक्रिटिकल प्रेशरला तापवायचे, म्हणजे उकळणं असा टप्पाच नाही आणि गरम बाजूची रेषा तशीच ब्राइनला जुळते, त्यामुळे मिश्रणाचा ग्लाइड मुख्यतः कंडेन्सरमध्ये कामाला येणारा. वर हाताने काढलेला ५ अंशांचा ग्लाइड आठवा, कूलिंग टॉवरच्या पाण्याला झेपेल असाच आहे. प्लांट १९८७ ला बंद झाला, पुरेसं ब्राइन न मिळणं हे त्याचं मोठं दुखणं होतं, मिश्रणाचा त्यात दोष नव्हता. त्याच दशकात आयडाहोच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेने त्याच व्हॅलीत ईस्ट मेसाला छोट्या चाचणी प्लांटवर प्रोपेन-आयसोपेंटेन आणि आयसोब्युटेन-हेक्सेन अशी मिश्रणं चालवून ट्यूबच्या आतल्या काउंटरफ्लो कंडेन्सेशनवर काम केलं, आणि आजही कोणी मिश्रणाचा कंडेन्सर डिझाइन करत असेल तर ते काम वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. आइसलँडमधल्या हुसाविकला २००० साली लावलेला २ मेगावॅटचा कलिना प्लांट याच तत्त्वाचा, फक्त तिथे अमोनिया आणि पाणी होतं.

आपल्याकडे कुठे उपयोग? लडाखमधल्या पुगा खोऱ्याचा विचार या दृष्टीने फार महत्त्वाचा वाटतो, तिथे ओएनजीसीने २०२१ साली १ मेगावॅटच्या पायलटसाठी करार केला. पुगा ४,४०० मीटरच्या आसपास उंचीवर आहे, हवेचं प्रेशर ०.६ बारही नाही, आणि हवा समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांएवढीच घन. पाण्याच्या टंचाईमुळे एअर कूल्ड कंडेन्सर लावला तर तोच पंखा तेवढंच आकारमान ढकलतो पण वजनाने हवा कमी जाते, म्हणून हवेची तापमानवाढ जास्त होते, आणि तापमानवाढ जास्त म्हणजे मोठ्या ग्लाइडला तिथे जागा आहे. उलट हिवाळ्यात तापमान इतकं खाली जातं की शुद्ध आयसोपेंटेन घेतलं तर कंडेन्सर व्हॅक्यूममध्ये जाईल. मी तिथे आधी प्रोपेन-आयसोब्युटेन तपासेन, आयसोब्युटेनचं प्रेशर उणे २० लाही ०.७ बारच्या आसपास असतं म्हणजे तिथल्या हवेपेक्षा जास्तच. कोकणातल्या झऱ्यांबद्दल हमखास विचारतात, उन्हवरे, तुरळ, राजवाडी, गणेशपुरी. वर येणारं पाणी फार तर ७० अंशांच्या आसपास. सेकंदाला एक लिटर पाणी ७० वरून ५० ला आणलं तर ८४ किलोवॅट उष्णता, त्यातली दोन-अडीच टक्के वीज झाली तर २ किलोवॅट, आणि त्यातून पंप आणि कूलिंग गेलं की हातात काही राहत नाही. कुठलंही मिश्रण हे बदलू शकत नाही, खोल बोअरमध्ये जास्त तापमान सापडलं तरच तिथे या विषयाला अर्थ आहे.

प्लांट उभा राहिला की मग भरणं आणि सांभाळणं. आधी व्हॅक्यूम ओढून हवा पूर्ण काढा, मग जड घटक आधी, वजन करून, आणि नंतर हलका, दोन्ही द्रव अवस्थेत. मिसळलेला सिलिंडर आणला असेल तर तो द्रवाच्या बाजूनेच रिकामा करायचा, वाफेच्या बाजूने भरलंत तर प्रमाण पहिल्याच दिवशी बिघडतं. गळतीचं गणित बघा. ३८ अंशाला निम्मं-निम्मं द्रव रिसीव्हरमध्ये, म्हणजे कंडेन्सरनंतरच्या द्रवाच्या टाकीत, असेल तर वरच्या वाफेत आयसोब्युटेन ७८ टक्के असतं, म्हणजे वरच्या बाजूच्या फ्लँजमधून गळती झाली की तीच जास्त जाते. एकूण फ्लुइडचा दहावा हिस्सा असा गेला तर आत ५० च्या जागी ४७ टक्के आयसोब्युटेन उरतं. मग टॉप-अप करताना नुसतं निम्मं-निम्मं टाकून चालत नाही, हलकं जास्त टाकावं लागतं, आणि किती ते प्रमाण मोजल्याशिवाय कळत नाही. गळती द्रवाच्या बाजूने, म्हणजे पंपाच्या सीलमधून असेल तर प्रमाण फारसं बदलत नाही, तिथे आहे त्याच प्रमाणात टाका. म्हणून लॉगबुकात गळती कुठून झाली हेही लिहायचं, नुसते किलो लिहून उपयोग नाही.

रोजच्या तपासणीला रिसीव्हरमधलं द्रवाचं तापमान आणि प्रेशर पुरतं. ३८ अंशाला निम्म्या-निम्म्याला ३.२२ बार यायला पाहिजेत, आयसोब्युटेन ४५ वर घसरलं तर ३.०४ बार. ०.१८ बारचा फरक चांगल्या ट्रान्समीटरला सहज दिसतो, साध्या डायल गेजवर विसंबू नका. पण हवा आत शिरली असेल तर ती प्रेशर वर ढकलते, आणि हलका घटक कमी झाला तर प्रेशर खाली येतं, दोन्ही एकदम झालं की गेज बरोबर ३.२२ दाखवतो आणि प्लांटची पॉवर मात्र पडत जाते. असं दिसलं की रिसीव्हरच्या द्रवातून सॅम्पल सिलिंडरमध्ये नमुना घ्यायचा आणि गॅस क्रोमॅटोग्राफीला पाठवायचा, सुरुवातीच्या वर्षात दर महिन्याला, पुढे दर तिमाहीला. नमुना घेताना प्लांट चालू असताना पंपाच्या डिस्चार्जवरूनही एक घ्या, कारण फिरणारं प्रमाण तिथेच खरं कळतं, बंद प्लांटच्या रिसीव्हरमधलं प्रमाण आणि फिरणारं प्रमाण यांत दोन-चार टक्क्यांचा फरक निघाला तर मॉडेलमध्ये फिरणारं प्रमाण टाकून कंडेन्सरचा हिशोब परत करा आणि मगच टॉप-अपचं वजन ठरवा.